पोर्टचा आकडा म्हणजे कामाचा वेग नव्हे

सेवा केंद्रात रांग लांबली, आश्रमशाळेच्या संगणक कक्षात फाइल उघडेना, बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा येईना, की नंदुरबार जिल्ह्यात एक ठरलेलं निदान ऐकू येतं : यंत्रं जुनी झाली आहेत. पोर्ट यूएसबी २ चे, थंब मशीन २ चं, प्रिंटर २ चा. जग ३ ओलांडून ४ वर गेलं आणि आपण तिथेच राहिलो. उपायही ठरलेला असतो. मागणीपत्रात मोठा आकडा लिहा, नवी यंत्रं आणा, कामं धावू लागतील. विकणारा हे सांगतो यात नवल नाही. पण जिल्ह्याच्या उपेक्षेची मनापासून चीड असलेले लोकही हेच सांगू लागतात, तेव्हा त्याला उत्तर द्यावंच लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. खोक्यावर छापलेला वेग ही त्या जोडणीची कमाल मर्यादा असते. काम किती वेळात होईल हे तो आकडा सांगत नाही. दोन जोडण्यांची तुलना करायची तर माणूस खुर्चीत बसल्यापासून काम होऊन उठेपर्यंत किती वेळ गेला आणि तो नेमका कुठे गेला, हे मोजावं लागतं. हे न मोजता केलेल्या खर्चाने जिल्ह्यातली एकही रांग कमी होणार नाही.

समोरच्या बाजूचा युक्तिवाद आधी पूर्ण मांडतो, कारण तो पोकळ नाही. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली, तेव्हा तिचे दोन वेग होते : सेकंदाला १.५ मेगाबिट आणि १२ मेगाबिट. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० ने ही मर्यादा ४८० मेगाबिटवर नेली. नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० सोबत ५ गिगाबिट आले, २०१३ मध्ये १०, २०१७ मध्ये २०, २०१९ मध्ये यूएसबी ४ सोबत ४० आणि २०२२ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ८० गिगाबिट. १२ मेगाबिटशी तुलना केली तर ही वाढ साडेसहा हजार पटींहून जास्त आहे. मग जो जिल्हा अजून ४८० वर आहे तो मागे पडणारच, असं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं.

यात एक गृहीतक मात्र न तपासता शिरलेलं आहे. आपलं काम या जोडणीपाशीच अडतं, असं धरूनच हा सगळा हिशेब मांडला जातो. ते खरं आहे का, हे तपासायला नंदुरबारइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यांतला पहिला रंजना सोनवणे यांना मिळाला. संगणकाला वायरने जोडलेलं एक लहानसं यंत्र सामान्य माणसाच्या आणि त्याच्या हक्काच्या मध्ये उभं राहिलं, त्याची सुरुवात इथली आहे. आज रेशन, निराधार योजनेचं मानधन, रोजगार हमीची मजुरी, बँकेतून काढायचे चारशे-पाचशे रुपये, सगळ्यांच्या वाटेत कुठे ना कुठे बोटाचा ठसा आहे. म्हणून हिशेब त्या थंब मशीनपासूनच करू.

बोटाच्या ठशाचं चित्र साधारणपणे इंचाला ५०० ठिपके या प्रमाणात घेतलं जातं. एक इंच लांब, एक इंच रुंद चौकोन धरला तर ५०० गुणिले ५०० म्हणजे अडीच लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या करड्या छटेला एक बाइट लागतो. म्हणजे एक चित्र अडीच लाख बाइटचं. आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. तो बिटमध्ये असतो आणि आठ बिटचा एक बाइट होतो, म्हणून ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. त्यातून जोडणीच्या स्वतःच्या देवघेवीचा भाग वजा जातो आणि हातात येतात सेकंदाला साधारण ३० ते ४० मेगाबाइट. ३० धरले तरी ते चित्र एका सेकंदाच्या १२० व्या भागात संगणकात पोहोचतं. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट घ्या. तिथे आठ बिट पाठवायला दहा खर्ची पडतात, म्हणून कमाल ५०० मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ४०० च्या आसपास. त्या वेगाने तेच चित्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत जाईल. वाचलेला वेळ किती? सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा नाही. एखाद्या केंद्रात रोज १०० अंगठे लागतात आणि वर्षाला ३०० दिवस काम चालतं असं धरलं, तर नव्या जोडणीने वर्षभरात साडेतीन-चार मिनिटं वाचतील.

कुणी म्हणेल, यंत्र एकच चित्र घेत नाही, चांगला ठसा मिळेपर्यंत ते सलग चित्रं घेत राहतं. खरं आहे. सेकंदाला १५ चित्रं धरा; पावणेचार मेगाबाइट होतात. जुन्या २.० च्या जोडणीत याच्या आठ पट जागा शिल्लक आहे. म्हणजे अंगठ्याच्या कामात पोर्टचा वेग वाढवून मिळण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

मग वेळ जातो कुठे? पहिला अडथळा काचेवरच आहे. ठसा घेणाऱ्या बहुतेक प्रकाशीय यंत्रांत काचेच्या आतून प्रकाश टाकलेला असतो. त्वचेच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकतात तिथे प्रकाशाचं परावर्तन बिघडतं, खाचांमध्ये हवा राहते तिथे ते तसंच राहतं. या फरकातून चित्र उमटतं. बोट कोरडं असेल, रेषा झिजल्या असतील, भेगा पडल्या असतील तर उंचवटे काचेला नीट टेकतच नाहीत आणि चित्र फिकट, तुटक येतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची खुडणाऱ्या आणि वाळवणाऱ्या बायकांची बोटं बघा, ऊसतोडीहून परतलेल्या मजुराचे तळवे बघा. हे ठसे ८० गिगाबिटच्या जोडणीतूनही तितकेच फिकट येणार. त्यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत : काच पुसणं, बोट किंचित ओलसर करणं, दुसरं बोट लावून बघणं. कोणतं बोट सर्वांत चांगलं जुळतं ते आधी शोधून ठेवण्याची सोय आधार प्राधिकरणाच्या व्यवस्थेत आहे. बुबुळाचा, ओटीपीचा, चेहऱ्याचा पर्यायही आहे. आणि ठसा जुळत नाही म्हणून कुणाचं रेशन नाकारायचं नाही, हे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. दुकानदाराला आणि लाभार्थ्याला हे ठाऊक असेल तर वाचणारा वेळ तासांत मोजावा लागेल.

दुसरा अडथळा ठसा संगणकात आल्यानंतरचा. तो गुप्तलिपीत बांधला जातो, काही किलोबाइटचं पाकीट तयार होतं, ते मधल्या संस्थेच्या सर्व्हरवरून प्राधिकरणाच्या सर्व्हरकडे जातं आणि होकार किंवा नकार घेऊन परत येतं. पाकीट इतकं लहान आहे की साध्या टूजीवरही ते चढायला क्षणभर पुरतो. तिथेही प्रश्न मेगाबिटचा नाही. रेंज आहे की नाही, आणि ती मध्येच तुटते की नाही, हा प्रश्न आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या घड्यांमध्ये वसलेल्या पाड्यांना या प्रश्नाचं उत्तर रोज शोधावं लागतं. जिथे वायर आणि टॉवर पोहोचत नाही तिथे उपग्रहाचा आधार घेतला जातो, आणि वेग व वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे उघड दिसतं. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर असतो. विचारणा वर जाऊन खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. एकूण प्रवास १ लाख ४४ हजार किलोमीटरचा. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी जवळजवळ अर्धा सेकंद. एका व्यवहारात अशा सहा फेऱ्या झाल्या तर तीन सेकंद नुसते वाट पाहण्यात गेले. हा वेळ कितीही मेगाबिट विकत घेऊन कमी होत नाही. फेऱ्यांची संख्या कमी करणारं सॉफ्टवेअर लिहूनच तो कमी होतो.

जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे तापीवर बॅरेज बांधले, पाणी अडलं, पण उपसा योजना नादुरुस्त राहिल्यामुळे ते वर्षानुवर्षं शेतात पोहोचलं नाही. साठा किती आहे हे सांगून शेतकऱ्याचं समाधान झालं नव्हतं, व्हायलाही नको होतं. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पोर्टचा आकडा ऐकून समाधान मानतो.

थंब मशीन हा अपवाद आहे असं कुणाला वाटत असेल तर सेवा केंद्रातली बाकीची यंत्रं घेऊ. जातीच्या दाखल्यासाठी कागद स्कॅन करायचा आहे. ए-फोर आकाराचं पान ३०० ठिपक्यांत रंगीत घेतलं तर चित्र होतं सुमारे २६ मेगाबाइटचं. यूएसबी २.० वरून त्याला एक सेकंद पुरतो. पण स्कॅनरचा दिवा पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय पोर्टलवर चढवताना तीच फाइल काहीशे किलोबाइटच्या मर्यादेत दाबून बसवावी लागते. चालकाला सुरुवातीपासून योग्य मापात स्कॅन करता येत असेल तर त्याचे मागचे सगळे खटाटोप वाचतात. प्रिंटरचंही तसंच. इंचाला ६०० ठिपक्यांचं काळं-पांढरं पान साडेचार मेगाबाइटच्या आत बसतं. जुन्या जोडणीवरून ते सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागात जातं. मिनिटाला २० पानं काढणारा प्रिंटर एका पानाला तीन सेकंद घेणारच. आणि ज्या कीबोर्डवर आपण टाइप करतो, ज्या माउसने क्लिक करतो, त्यांतले बहुतेक आजही सेकंदाला १.५ मेगाबिट या १९९६ च्या वेगानेच बोलतात. एक कळ दाबली की आठ बाइटचा निरोप जातो. त्याला याहून जास्त काही लागत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनीही ते बदललेलं नाही.

मोठा आकडा आपोआप जिंकतो या समजुतीला इतिहासातही आधार नाही. १९९६ मध्ये यूएसबी बाजारात आली तेव्हा ती वेगाने सर्वांत पुढे नव्हती. हार्ड डिस्क आणि स्कॅनर जोडायला स्कझी नावाची जोडणी होती आणि ती त्या वेळी कितीतरी वेगवान होती. तरी स्कझी टेबलावरून गेली आणि यूएसबी राहिली. कारण इंटेलमधले अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी दुसऱ्याच प्रश्नाला भिडले होते : प्रत्येक यंत्राला वेगळा पोर्ट, वेगळं कार्ड, जोडलं की संगणक बंद करून चालू करणं, हा त्रास घरातल्या माणसाने का सोसायचा? हे भट्ट शिकले ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आपल्या शेजारच्याच मुलखात. त्यांचा विचार यंत्र वापरणाऱ्या माणसापासून सुरू झाला होता. आपल्या खरेदीचा विचारही तिथूनच सुरू व्हायला हवा.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. २००० नंतरच्या दशकात लग्नाचं शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर होत असे आणि ते संगणकात घ्यायला फायरवायरचं कार्ड बसवावं लागे. फायरवायरचा आकडा ४०० मेगाबिट होता, यूएसबी २.० चा ४८०. आकड्यानुसार यूएसबीने बाजी मारायला हवी होती. प्रत्यक्षात हार्ड डिस्कवरच्या नकला फायरवायरवरून लवकर होत, कारण यूएसबीत प्रत्येक देवघेव संगणकाने विचारल्यावरच होते आणि त्या विचारपुशीत वेळ जातो. फायरवायरची यंत्रं हे काम स्वतःच्या बळावर उरकत. आणि कॅसेटचं काय? एक तासाची कॅसेट संगणकात घ्यायला एक तासच लागे, कारण टेप तेवढ्याच वेगाने फिरे. तासाला सुमारे १३ गिगाबाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबाइट. जोडणी ४०० ची असो की पुढे आलेली ८०० ची, एक मिनिटही कमी होत नसे. त्या जोडणीचा खरा गुण असा की ती हे साडेतीन मेगाबाइट एकही चौकट न गाळता आणून देत असे. काही कामांत खात्री हाच वेग असतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करतो. काही कामांत जोडणीचा वेग निर्णायक असतो आणि तिथे जुन्या पोर्टवर अडून बसणं चुकीचं आहे. आज शूटिंग मेमरी कार्डावर होतं. ६४ गिगाबाइटचं भरलेलं कार्ड यूएसबी २.० च्या रीडरमधून उतरवायला अर्धा तास लागतो. तेच कार्ड सेकंदाला ९० मेगाबाइट देत असेल तर यूएसबी ३.० वरून बारा मिनिटांत उतरतं. हा फरक धंद्यात पैशांत मोजता येतो. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं वर्षभराचं दप्तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचं असेल तर तिथेही ३.० हवं, २.० वर तासन् तास लागतात म्हणून ते काम टाळलं जातं आणि एक दिवस संगणक बंद पडला की सगळं जातं. पण इथेही पुढचं पाऊल बघा. तेच कार्ड १० गिगाबिटच्या पोर्टला लावलं तर किती वेळ लागेल? बाराच मिनिटं. अडसर आता कार्डाकडे सरकलेला आहे. फिरत्या तबकडीची लहान हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १३० मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही, मग पोर्ट ५ चा असो की ४० चा. साखळीतली सर्वांत मंद कडी कोणती, हे शोधल्यावरच पैसा कुठे घालायचा ते ठरतं. अनेक जुन्या संगणकांत ती कडी आतली हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी बसवली तर संगणक सुरू होण्यापासून फाइल उघडण्यापर्यंत सगळ्यात फरक पडतो, आणि नव्या संगणकाच्या मानाने खर्च फार कमी येतो.

आकड्यावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे : तो आकडा काय सांगतो हेच ग्राहकाला कळू दिलेलं नाही. २००८ साली ज्याला यूएसबी ३.० म्हटलं त्यालाच पुढे ३.१ जेन १ म्हटलं, आणि त्यालाच नंतर ३.२ जेन १. तिन्हींचा वेग ५ गिगाबिटच. खोक्यावर ३.२ वाचून ३.० पेक्षा जास्त पैसे मोजणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. टाइप-सी पिनचंही तेच. पिन सारखी म्हणजे वेग सारखा, हा समज सर्वत्र आहे आणि तो चूक आहे. फोनसोबत येणाऱ्या चार्जिंगच्या कित्येक टाइप-सी केबलमध्ये डेटासाठी फक्त २.० च्या तारा असतात. त्या ४८० मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाहीत. २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला तेव्हा साध्या आयफोन १५ चा डेटाचा वेग ४८० मेगाबिटच होता, प्रो मॉडेलचा १० गिगाबिट. पिन तीच, किंमत प्रचंड, आणि वेगात वीस पटींचा फरक. तेव्हा कार्यालयाने ३.२ चे पोर्ट असलेला संगणक घेतला, हार्ड डिस्कही ३.२ ची घेतली आणि मध्ये खिशातली चार्जिंगची केबल लावली, तर सगळा खर्च वाया गेला. असं होऊ नये म्हणून संगणकाइतकंच केबल तपासणंही खरेदीत यायला हवं.

आणि वेगवान जोडणी कधी कधी दुसऱ्या कामाचा घात करते. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटच्या संकेतातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, हे खुद्द इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात मोजून दाखवलं आहे. याच पट्ट्यात साधं वायफाय चालतं, बिनतारी माउसही चालतो. ज्या केंद्रात नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येतं आणि संगणकाला वायफायचा छोटा डोंगल लावलेला असतो, तिथे त्या डोंगलला खेटून ३.० ची हार्ड डिस्क लावली तर आधीच क्षीण असलेली रेंज आणखी खालावू शकते. उपाय सोपा आहे : हार्ड डिस्क दूरच्या पोर्टला लावा, किंवा डोंगल लहान एक्स्टेंशनने बाजूला घ्या. ही माहिती कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते. विजेचाही असाच प्रश्न आहे. २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पियर देतो, ३.० चा ९००. एका स्वस्त हबवर थंब मशीन, वेबकॅम आणि हार्ड डिस्क एकत्र लावली आणि हबला स्वतंत्र वीज नसेल, तर यंत्रं मध्येच बंद-चालू होतात. लोक म्हणतात मशीन स्लो आहे. मशीन उपाशी आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. कुणी विचारेल, आदिवासी जिल्ह्याने जुन्यावरच भागवावं असं तुमचं म्हणणं आहे का? मुंबई-पुण्याला नवं आणि अक्राणीला २.० पुरेसं? या प्रश्नामागचा राग मला मान्य आहे, कारण या जिल्ह्याला उतरलेल्या वस्तू देण्याची सवय राज्याला फार जुनी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार लोक आणि त्यांतले जवळपास ७० टक्के अनुसूचित जमातींचे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणूनच मी या खरेदीकडे जास्त कठोरपणे बघतो. ज्या जिल्ह्यात निधी तुटपुंजा आहे तिथे चुकीच्या जागी गेलेला रुपया दुप्पट महाग पडतो. नवा संगणक घेताना ३.० चे पोर्ट आपोआप येतातच, त्यांना माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो पोर्ट बदलले म्हणजे सेवा सुधारली, असं मानून फाइल बंद करण्याला. मोलगीहून किंवा धडगावहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईला तुम्ही नवं यंत्र दाखवलं आणि अंगठा जुळला नाही म्हणून परत पाठवलं, तर तिला न्याय मिळाला असं कोण म्हणेल? मागास जिल्ह्याला कमी दर्जाचं द्या, असं मी म्हणत नाही. त्याला दिखाव्याच्या जागी काम द्या, असं म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की उद्याच्या गरजांसाठी आजच मोठा आकडा घेऊन ठेवावा. उद्याची गरज कोणती, हे सांगता येत असेल तर जरूर घ्यावा. पण बोटाचा ठसा उद्या दहा हजार पट मोठा होणार नाही, प्रिंटरचं पान लांबणार नाही, कळ दाबल्यावर जाणारे आठ बाइट वाढणार नाहीत. उद्याची खरी गरज बदलत्या सुरक्षा-नियमांची आहे. आधारच्या थंब मशीनमध्ये गुप्तलिपीचं काम आधी संगणकातलं सॉफ्टवेअर करत असे. नंतर ते यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागातच व्हावं असा नियम आला आणि आधीच्या प्रकारची यंत्रं बाजूला काढावी लागली. त्यांचा पोर्ट जुना नव्हता. भविष्याची काळजी असलेल्या खरेदीदाराने यंत्राला पुढे मान्यता राहील का, दुरुस्ती शहाद्यात किंवा नंदुरबारात होईल का, आणि चालक सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल, हे विचारावं.

तिसरा आक्षेप : हे सगळं तांत्रिक आहे, सामान्य माणसाला त्याचं काय? मला हे मुळीच मान्य नाही. बिट आणि बाइट यांतला आठ पटींचा फरक सातवीतल्या मुलाला कळण्यासारखा आहे. भागाकार आला की खोक्यावरच्या कोणत्याही आकड्याची परीक्षा घेता येते. एमएससीआयटीसारख्या अभ्यासक्रमातून राज्यातली लाखो मुलं इनपुट आणि आउटपुट यंत्रांची नावं शिकून बाहेर पडली. त्यांनी एक फाइल दोन वेगवेगळ्या पोर्टवरून उतरवून घड्याळ लावून मोजावी, आणि फरक का पडला किंवा का पडला नाही ते लिहावं. एवढा एक प्रयोग केलेला विद्यार्थी दुकानदाराच्या बोलण्याला भुलणार नाही, आणि उद्या तोच सेवा केंद्र चालवत असेल तर रांगेतल्या माणसाला सर्व्हर डाउन आहे एवढंच सांगून परत पाठवणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. जिल्ह्यात सरकारी पैशाने यंत्रं घेताना मागणीपत्रात पोर्टच्या आवृत्तीसोबत कामाची वेळ लिहावी : एक प्रमाणीकरण इतक्या सेकंदांत, एक दाखला इतक्या मिनिटांत, आणि तेही अक्राणीतल्या प्रत्यक्ष केंद्रावर, तिथल्या नेटवर, तिथल्या विजेवर तपासून. विक्रेत्याच्या वातानुकूलित खोलीतलं प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये. प्रत्येक केंद्रात परत गेलेल्या माणसांची नोंदवही असावी आणि त्यात कारण लिहावं : ठसा, रेंज, सर्व्हर, वीज की यंत्र. तीन महिन्यांच्या नोंदी समोर आल्या की पैसा कुठे घालायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही. वाचलेल्या पैशातून दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, चांगली केबल, स्वतंत्र विजेचा हब, यूपीएस आणि जुन्या संगणकात एसएसडी घ्यावी. आणि ठसा न जुळल्यास कोणता पर्याय वापरायचा याची पाटी मराठीत, भिलीत आणि पावरीत प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर लागावी.

वेगाची तुलना करू नका असं माझं म्हणणं नाही. ती नीट करा, एवढाच माझा आग्रह आहे. जोडणी बनवणाऱ्यांनी वेग बिटमध्ये मोजला, ते त्यांच्या कामासाठी बरोबर होतं. सार्वजनिक सेवेचा वेग मोजायचं माप वेगळं आहे : रांगेत उभ्या राहिलेल्या शंभर माणसांपैकी किती जण पहिल्याच खेपेला काम होऊन घरी गेले. ज्या अधिकाऱ्याला, ज्या विक्रेत्याला आणि ज्या लोकप्रतिनिधीला नव्या यंत्रांचं श्रेय घ्यायचं आहे, त्याने हा आकडा जाहीर करावा. तो वाढला असेल तर खर्च सार्थकी लागला. तो वाढला नसेल, तर पोर्ट ८० गिगाबिटचा असला तरी जिल्ह्याचे पैसे वाया गेले, आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्क रांगेतल्या प्रत्येकाला आहे.